बोटीसाठी तोंडाने ‘हो’ म्हणण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
दूरउपचार कक्ष, नुकुआलोफा, टोंगा

विषय : फोनुआमाला बेटावरील रुग्णासाठी तातडीने बोट पाठवणे व संगणक गटातील माणसे कमी करणे.
संदर्भ : आज सकाळची संगणक बैठक.

महोदय,

मी लुसेआने फिफिता, फोनुआमाला दवाखान्याची परिचारिका, हा अर्ज जुन्या रेडिओवरून सांगत आहे. धक्क्यावरचे उइलिसोनी हातात रेडिओ घेऊन, आपल्या टेबलासमोर उभे राहून तो उतरवून घेत आहेत. रेडिओ वापरू नये, हा आपला आदेश मला ठाऊक आहे.

१. माझ्याकडे कालोलाइने ही आठव्या महिन्यातली बाई आहे. रक्तदाब उतरत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते आहे. मोठ्या रुग्णालयात नेले नाही तर बाई आणि मूल, दोन्ही हातचे जातील.

२. पूर्वी अशा वेळी डॉक्टर, नावाडी आणि मी असे तिघेच रेडिओवर बोलत असू. बोलणे संपायच्या आत नावाडी इंजिन सुरू करी. आता गटात अडतीस जण आहेत. त्यात छपाई विभाग आहे, बंदर सुशोभन समिती आहे, आणि मासळी कारखान्याच्या बैठकीला जायचे ते चुकून आमच्यात आलेले एक गृहस्थ आहेत. सर्वांत नियमित हजर तेच असतात.

३. इतके चेहरे आमच्या इंटरनेटला पेलत नाहीत, म्हणून कॅमेरे बंद ठेवण्याचा नियम झाला. सकाळी डॉक्टरांनी विचारले, बोट पाठवायची का? आपल्या टोंगात ‘हो’ म्हणायला तोंड कोण उघडतो? भुवया उचलतो. मीही उचलल्या. न्यूझीलंडचे निरीक्षक तेवढे मोठ्याने ‘हो’ म्हणाले, पण त्यांना मत नाही. इतिवृत्तात नोंद झाली : ‘एकाही सदस्याचा प्रतिसाद नाही. विषय पुढील बैठकीत.’ नंतर फोन केले, तर जो तो म्हणतो, मी हो म्हटलं होतं की.

४. कालोलाइनेचा नवरा सेमिसी माझ्या मागे उभा होता. तो म्हणाला, “सिस्टर, आत एवढी माणसं जमलीत, आणि एक बोट हलवता येईना?” मला फार भीती वाटते आहे.

५. उन्हे कलली आहेत. अंधारात खडकांमधली वाट सापडत नाही, नावाडी निघणार नाही. गट लहान करण्याचे मागाहून बघा, छपाई विभागही राहू द्या. आधी बोट सोडा.

आपण सर्व ऐकत आहात, असे उइलिसोनी मघाशी म्हणाले. महोदय, कृपा करून भुवया उचलू नका. मला इथून दिसत नाही. तोंडाने सांगा. मी बोलायचे बटण आता सोडते आहे.

कान देऊन बसलेली,
आपली नम्र,
लुसेआने फिफिता
(सहीऐवजी आवाज)
दि. १४ मे, दुपार

सोबत : कागद नाहीत. रुग्ण माझ्या शेजारी आहे.