कोरफडीचा गुण

४ मार्च

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तुझ्या कोरफडीला मानलं. यापुढे तुला वैदूबाई म्हणून चिडवणार नाही. आठ-दहा दिवसांमागे भट्टीतून काढलेला ट्रे मीच खाली ठेवला आणि मीच त्यावर अनवाणी पाय दिला. जळका वास आला, वाटलं पाव करपले. सगळे ट्रे पाहून झाले, मग खाली पाहिलं तर माझाच तळवा. कारागीर पोट धरून हसले.

हिने कुंडीतलं पान कापलं, पिवळा चीक निथळू दिला, गर लावून वर स्वच्छ फडकं बांधलं. रोज दोनदा लावते. दुखणं नावाला नाही. जखम जरा ओली आहे आणि चप्पल घट्ट होते, एवढंच. ही डॉक्टर डॉक्टर करते, पण दुखतच नाही तर त्याला दाखवू काय?

आणखी एक रोप पाठव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
लाडोबा

९ मार्च

चि. लाडोबास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. वास नाकाला कळला, चटका पायाला कळला नाही, हे तू हसण्यावारी कसं नेलंस? दवाखान्यात जखमा बांधण्यात माझी तीस वर्षं गेली. कोरफड मीच दिली, पण ती भावजयीच्या बारीकसारीक चटक्यांसाठी. तिने गार वाटतं, दुखणं असं गायब होत नाही. तू कण्हत असतास तर मला कमी काळजी वाटली असती.

आपल्या वडिलांचं आठव. भाऊही हेच म्हणायचे, पोरांनो, काही दुखत नाही. साखरेने पायाची जाणीवच गेली होती. गुडघ्याखाली कापेपर्यंत ते आपल्यालाच वेड्यात काढत होते. तू साखर शेवटची कधी तपासलीस?

आता ऐक. डोळे मीट आणि भावजयीला उकळलेल्या सुईने हलकेच टोचायला सांग. भाजलेल्या नव्हे, धड पायाला. कळलं नाही तर उठून दवाखाना गाठ, कळलं तरी गाठ. माझा जीव टांगणीला लागलाय.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

१२ मार्च

ती. ताईस सा. नमस्कार.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. काल तुझं पत्र आलं. ताईचं आपलं काहीतरीच, असं म्हणून मी ते हिला वाचून दाखवलं. हिने लगेच सुई उकळली. मी खुर्चीत बसलो, धड पाय हिच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. ही हुंदके द्यायला लागली, तसं मी म्हटलं, अगं रडतेस काय, आधी टोच तरी.

ती म्हणाली, सुई आतच आहे.

ताई, मला फार भीती वाटतेय. माझा नंबर आलाय, आत बोलावतायत. पत्राने उत्तर पाठवू नकोस, तूच ये.

तुझा,
लाडोबा