गुंजनच्या पिस्तुलाला पंचवीस वर्षांची गॅरंटी

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६ वाजून ४० मिनिटे.

अंगणात बाजेवर बसून सिरॅमिक कोटिंगच्या डब्यावरचं लेबल तिसऱ्यांदा वाचत होतो. तेव्हाच ठरवलं, आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायला नाही. मोठ्या धंद्याच्या सुरुवातीच्या तारखा आपल्यालाच विसरायला नकोत.

नाव: कैलास प्रोटेक्टिव्ह कोटिंग्ज, नाचणगाव. पाचशे कार्डं छापून आली. प्रूफ स्वतः चार वेळा वाचलं, एकही चूक नाही. आतापर्यंतची कामं: खिडक्यांच्या ग्रिल, दोन फाटकं, एक झोपाळा. सगळा ऑइलपेंट. तो कोणीही मारतो. पिस्तुलाला कोटिंग करणारा मात्र आपल्या भागात कोणी नाही.

आई म्हणाली, "पिस्तूलवालं गिऱ्हाईक तरी हाय का एखादं?"

ठराव: असे प्रश्न मनावर घ्यायचे नाहीत.

१७ सप्टेंबर, बुधवार.

पुलगावला मधुकररावांच्या रेंजवर गेलो. माजी हवालदार. जिनिंगच्या जुन्या शेडमध्ये मुलांना एअर पिस्तूल शिकवतात. हवेवर चालतं, छर्रा सुटतो, लायसन्स लागत नाही. क्लबची नऊ पिस्तुलं. पावसाळ्यात हाताच्या घामानं सगळ्यांवर तांबूस ठिपके आलेले. मी म्हणालो, काळा रंग चढवून तेल पुसत बसणं हे जुनं झालं, आता सिरॅमिक. तीन व्हिडिओंमधलं सगळं न अडखळता सांगितलं. ते कानात काडी फिरवत ऐकत होते.

म्हणाले, "एक करून दाखव. टिकलं तं नवाच्या नऊ तुले."

एकाचे अठराशे. नवाचे सोळा हजार दोनशे. परत येताना सायकल हलकी वाटत होती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

नमुन्याला पिस्तूल गुंजननं दिलं. आमच्याच गल्लीतल्या बंडूजींची मुलगी, सावंगीला नर्सिंग शिकते आणि मधुकररावांकडे नेमबाजी. बंडूजींनी दोन हंगामांच्या फुलकोबीवर हे सेकंडहँड पिस्तूल घेऊन दिलं. ५ ऑक्टोबरला नागपूरला विभागीय निवड आहे. ट्रिगरजवळ गंज धरला म्हणून ती काळजीत.

म्हणाली, "कैलासभाऊ, पाच तारखेच्या आधी मले हातात पाह्यजे. आन ट्रिगर माह्या बोटाले बसला हाय, त्याले काई होऊ नको देजो."

भाऊ म्हणाली. आपल्याकडे कंडक्टरलाही भाऊ म्हणतात. त्याचा काही अर्थ नसतो.

मधुकररावांनी नळी, हवेचा सिलेंडर आणि रबराचे वॉशर काढून स्वतःच्या कपाटात ठेवले. मला नुसता सांगाडा आणि ट्रिगर. ट्रिगरला फक्त बाहेरून हात मार, आत थेंबही जायला नको, असं दोनदा बजावलं. थोडा अपमान वाटला. पण मोठ्या धंद्यात असं चालतं.

२२ सप्टेंबर, सोमवार. घट बसले.

लेबलाप्रमाणे पहिली पायरी: तेलाचा अंश काढणे. अॅसिटोननं तीन वेळा पुसलं. तेल खरोखर गेलं का, याची खात्री महत्त्वाची. म्हणून दर दहा मिनिटांनी बोट फिरवून पाहिलं. प्रत्येक वेळी किंचित तेलकट लागलं. पुन्हा पुसलं, पुन्हा बोट फिरवलं. संध्याकाळपर्यंत हेच. मुळात पिस्तूलच फार तेलकट आहे.

आईनं विचारलं, जेवणाच्या आधी डोक्याला तेल कशाला चोपडतोस. संबंध कळला नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

आज फवारणी ठरली होती. हवेत दमटपणा. पुढे ढकललं. घाईनं काम बिघडतं, हे आयटीआयमधले मास्तरही म्हणायचे. ते तीन आठवडे नुसता ब्रश धरायला शिकवत होते, म्हणून एका सहामाहीनंतर सोडलं.

वेळ वाया नको म्हणून गॅरंटी कार्ड तयार केलं. "घाम, पाऊस, गंज व ओरखडे यांपासून पंचवीस वर्षे संरक्षण." आधी दहा वर्षे लिहिलं होतं. दहा फार भित्रं वाटलं.

२९ सप्टेंबर, सोमवार. दुपारी ३.

फवारणी पूर्ण. लेबलावर म्हटलंय, "एकच पातळ थर द्यावा." कंपन्या खर्च वाचवायला असं लिहितात. मी चार थर दिले. ट्रिगरच्या सांध्यातही स्प्रेची नळी घालून नीट मारलं. आत गंज धरला तर काय करणार? मधुकरराव जुन्या काळचे.

काळा, जाड, लोण्यासारखा गुळगुळीत दिसतोय. फोटो काढून गुंजनला पाठवला. तिनं अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे पसंती.

३० सप्टेंबर, मंगळवार.

भट्टी: १२० अंश, एक तास. देवकामावशीचा केकचा ओव्हन मागून आणला. रंग भाजायचाय हे तिला सांगितलं नाही, नमुना भाजायचाय म्हणालो. खोटं नाही.

वीस मिनिटं झाली आणि लाइन गेली. लाइन आली तेव्हा ओव्हनची कॉइल गेली होती.

घाबरलो नाही. हिशोब केला. १२० अंश गुणिले ६० मिनिटं, म्हणजे ७,२०० उष्णता हवी. त्यातली २,४०० झाली. उरली ४,८००. उद्या ऊन ३२ अंश. ४,८०० भागिले ३२, म्हणजे १५० मिनिटं. अडीच तास गच्चीवर ठेवलं की झालं. हे व्हिडिओवाल्यांना कसं सुचलं नाही?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

सकाळी उठलो तर सांगाडा घरामागच्या शेडमध्ये नाही. देवघरापुढं पाटावर होता. शेजारी माझी स्प्रेगन, विळा, आईची शिलाई मशीन, आणि शेजाऱ्यांचं ग्राइंडर. सगळ्यांना हळदकुंकू. आईनं पिस्तुलाला ओल्या बोटानं चांगलं दाबून लावलं होतं. वर झेंडूचं फूल चिकटलेलं. ओढलं तर पाकळ्या तिथंच राहिल्या.

मी म्हणालो, आई, ते अजून वाळलेलं नाही. ती म्हणाली, "हत्यार हाय ना? मंग आज पुजाचं नाई तं कधी पुजाचं? आन आज कोन्याच अवजाराले हात लावाचा नाई, सांगून ठेवतो."

कपड्यानं पुसायला गेलो. आईनं हातावर चापट मारली. शेवटी अट घातली: हात न लावता, पाटासकट गच्चीवर नेईन. नेलं. १० ते १२.३० ऊन दिलं. बरोबर दीडशे मिनिटं. घड्याळ लावून बसलो होतो. दोनदा ढग आला, ती सहा मिनिटं वाढवून दिली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

अॅसिटोननं कुंकू काढायचा प्रयत्न. कुंकू हललं नाही. आजूबाजूचं कोटिंग थोडं निघालं. तिथं ब्रशनं हात फिरवला, कोणाला कळणार नाही. कुंकवाचं मात्र कळेल. पण शुभच आहे, स्पर्धेला जातेय मुलगी.

संध्याकाळी सोनं द्यायला बंडूजींकडे गेलो. गुंजनला आपट्याच्या पानाबरोबर गॅरंटी कार्डही दिलं. तिनं दोन्ही बाजूंनी वाचलं. म्हणाली, अक्षर छान आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

सकाळी रेंजवर दिलं. तपशील लिहायची गरज नाही. तरी लिहितो.

मधुकररावांनी काही बोलायच्या आधी नख लावलं. पापुद्रा निघाला, भाजलेल्या पापडासारखा. खाली प्रत्येक ठिकाणी माझ्या बोटाचा ठसा. इतका स्पष्ट की पोलिसांना लागला असता. ट्रिगर अर्ध्यावर येऊन थांबला. गुंजननं पुन्हा दाबला. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा तिनं दाबला नाही.

मग कुंकू कोणी लावलं ते मला विचारून मधुकररावांनी त्यावर नख लावलं. काही झालं नाही. चाकूचं टोक लावलं. काही झालं नाही. सगळ्या पोरांना बोलावून दाखवलं. म्हणाले, "पाहा बे, मायनं बोटानं दाबलं म्हनून येथं थर पातळ झाला. पातळ होता म्हनून टिकला. डब्यावर हेच लिहून असंन. लिहून हाय का नाई रे?"

मी म्हणालो, लिहिलं आहे.

म्हणाले, "वाचता येते ना तुले?"

पोरं हसली. त्यांनी नवाची ऑर्डर पक्की असल्याचंही सांगितलं. फक्त ती माझ्या आईला.

गुंजन हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "ट्रिगर उद्यालोक मोकळा होईन का?" मी हो म्हणालो.

४ ऑक्टोबर, शनिवार.

झाला नाही. सुई, अॅसिटोन, ब्लेड, रॉकेल. जिथं कोटिंग टिकायला हवं होतं तिथून ते निघालं. जिथून निघायला हवं ते टिकलं. म्हणजे टिकाऊपणाबद्दल मी चूक नव्हतो. जागेबद्दल होतो.

५ ऑक्टोबर, रविवार.

गुंजन क्लबचं चार नंबरचं पिस्तूल घेऊन गेली. गाडी सकाळची. मी स्टेशनवर सोडायला जाणार होतो, पण डोकं दुखत होतं.

रात्री बंडूजींकडून कळलं. तिचे ५४४. शेवटची निवड ५४६ वर.

चार नंबरला कोटिंग नव्हतं. हात घामेजला असेल, पकड सुटली असेल. म्हणजे एका अर्थी माझा मुद्दाच सिद्ध झाला.

हे लिहून परत वाचलं. शुद्धलेखनाची चूक नाही. तरी खोडावंसं वाटतंय.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

सकाळी बसस्टँडवर गुंजन भेटली, सावंगीला निघालेली. मी म्हणालो, गॅरंटी पंचवीस वर्षांची आहे, पुन्हा करून देतो. ती म्हणाली, "राहू द्या भाऊ. मधुकरकाका साफ करून राह्यले. कुंकू तेवढं राहू देतो म्हणे."

बस आली. ती चढली.

खर्च: सिरॅमिकचा डबा २,३५०. अॅसिटोन ४८०. कार्डं ६५०. गॅरंटी कार्डं २००. एकूण ३,६८०.

येणे: काही नाही.

देणे: देवकामावशी, ओव्हनची कॉइल, ९००. गुंजन, स्पर्धेची फी आणि नागपूरचं जाणं-येणं, १,७४०. तिनं मागितले नाहीत. आकडा बंडूजींना विचारून घेतला.

एकूण देणे: २,६४० रुपये, आणि दोन गुण.