फायलीत न लावलेला कागद

गुरुवार, दि. १६ नोव्हेंबर, सकाळ

सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघे नव्या जागेत सुखरूप असाल. येथे सर्व ठीक. माझा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो, आणि खालच्या शिंप्याने नवे यंत्र आणल्यापासून दुपारची झोप संपली आहे. क्षेमकुशल एवढे पुरे.

आजच कुरिअरने पाठवत असलेल्या या पाकिटात पत्राखेरीज दोन कागद आहेत: तुझ्या रक्ततपासणीचा एक अहवाल, आणि आपल्या जुन्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंची चिठ्ठी. ते आधी वाच. ते घेऊन पाकीट हाती पडेल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तिथल्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. सोमवारी ज्या उपचार केंद्रात तुमची वेळ ठरली आहे, तेथे जाऊ नका. पत्राचा उरलेला भाग त्यानंतर वाचलास तरी चालेल. अहवाल कपाट आवरताना सापडला.

तुला पुन्हा दिवस गेल्याचे मला मंगळवारी आत्याबाईंकडून कळले. त्या नेहमीप्रमाणे न कळवता आल्या, नेहमीच्या खुर्चीत बसल्या आणि चहा फुंकत म्हणाल्या, "बघू या, या वेळी किती महिने पुरतं." घरातल्या साबणाच्या वडीविषयी बोलावे तसे. मला शिसारी आली. त्यांना उठवून दारापर्यंत पोचवावे असे वाटले. परंतु ही बोलण्याची पद्धत त्या कोठे शिकल्या, हे आठवल्यावर मी गप्प बसले. याच दिवाणखान्यात, माझ्यासमोर, माझ्या संमतीने.

त्या गेल्यावर मी तुझ्या नवऱ्याला फोन केला. त्याने सांगितले की त्याच केंद्राची शाखा तुमच्या गावात निघाली आहे, आणि सोमवारपासून तेच उपचार पुन्हा सुरू होतील: त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या आणि तुझ्या हातात कातडीखाली टोचायच्या. मी म्हटले, जाऊ नका. एक जुना अहवाल सापडला आहे, कारण निराळे दिसते. तो म्हणाला, "तूच तर सिद्ध करून दिलं होतंस, आई. दोन पानांत." आणि फोन ठेवला.

त्याचे म्हणणे बिनतोड आहे. दोष तुझ्या शरीराचा आणि उपाय त्या केंद्रातच, हे पटवणारी ती दोन पाने मी सुवाच्य अक्षरात, क्रमवार मुद्दे घालून लिहिली होती. तुम्ही माझे घर सोडलेत, पण माझा युक्तिवाद बरोबर नेलात. तेव्हा तो मोडणे हे आता माझेच काम आहे.

केंद्रातली ती खोली आठव. भिंतभर दुसऱ्यांच्या बाळांची छायाचित्रे, फिनेल आणि गुलाबाच्या फवाऱ्याचा एकत्र वास, टेबलावर प्लास्टिकचा गर्भाशय. तज्ज्ञ त्या प्लास्टिकवर पेन आपटत म्हणाले, "यांचं शरीर बाळाला शत्रू समजतं. सैन्य पाठवतं आणि मारतं." तू स्वतःच्या मनगटाकडे पाहिलेस. त्यांचे अनुमान असे होते: ज्यांचे गर्भ वारंवार पडतात अशा काही स्त्रियांच्या रक्तात मारेकरी म्हणवणाऱ्या पेशी अधिक असतात, यांच्या रक्तात त्या अधिक आहेत, म्हणून यांचे गर्भ त्या पेशींनीच मारले.

एकतीस वर्षे मी तर्कशास्त्र शिकवले. तापाच्या रोग्याचे अंग गरम असते, या मुलाचे अंग गरम आहे, म्हणून त्याला ताप आहे, असे कोणी लिहिले की मी लाल रेघ ओढत असे आणि विचारत असे, अरे, तो उन्हातून धावत आला असेल तर? त्या खोलीत पर्स मांडीवर धरून मी मान डोलावली. चूक मला तिसऱ्या वाक्यालाच दिसली होती. निष्कर्ष सोयीचा होता, म्हणून मी रेघ ओढली नाही.

सोयीचा कसा, तेही सांगते. दुसरा गर्भ पडला तेव्हा दोष तुझ्या नोकरीचा, असे मी ठरवले होते. तू दातांच्या कवळ्या बनवायचीस. दातांच्या रंगाच्या सोळा छटा तुला नुसत्या नजरेने वेगळ्या करता येत, आणि तुझे मालक तुझ्यावाचून दुकान उघडत नाहीत असे थट्टेने म्हणत. कवळ्यांच्या त्या रसायनाचा वास तुझ्या केसांतून घरात येतो, तोच गर्भाला बाधतो, असे मी बजावले, आणि तू काम सोडलेस. तिसरा गर्भ वासाशिवायच गेला. माझे विधान खोटे ठरले होते. चूक कबूल करण्याऐवजी मला दुसरे विधान हवे होते, आणि त्या माणसाने ते मला तबकात आणून दिले.

आता पहिल्या परिच्छेदांकडे परत येते. अहवाल कपाट आवरताना सापडला, असे मी लिहिले आहे. फोनवरही तेच सांगितले. ते असत्य आहे. मी ते वाक्य खोडत नाही. ते माझ्या अक्षरात तुझ्यापाशी असू दे.

तिसऱ्या वेळेनंतर जुन्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तुझे रक्त तपासायला पाठवले होते. तुला वाटते त्यातून काही निघाले नाही. निघाले होते. तुझी फाईल मी ठेवत असे, म्हणून अहवाल माझ्या हाती आला आणि बाईंचा फोनही मलाच आला. त्यांनी साध्या शब्दांत समजावले. शरीराची संरक्षणव्यवस्था कधी कधी स्वतःच्याच घटकांविरुद्ध अँटीबॉडी तयार करते. त्यांच्यामुळे बाळाला पोसणारी वार नीट धरत नाही, तिच्यात रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात, बाळाचे पोषण तुटते. एका तपासणीवर विसंबता येत नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा तपासायचे, तोवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पुन्हा तेच आले तर औषध आहे: रोज एक लहान गोळी आणि पोटाच्या कातडीत एक सुई. "सुनेला सांगाल ना?" त्यांनी विचारले. मी म्हटले, सांगते.

मी सांगितले नाही.

माझ्या फाईलची शिस्त तुला माहीत आहे. प्रत्येक कागदाला क्रमांक, वर अनुक्रमणिका, जे सिद्ध तेवढेच आत. एकदाच आलेला निकाल सिद्ध नव्हे, म्हणून तो आत नको, असे मी स्वतःला सांगितले. असिद्ध म्हणजे असत्य नव्हे, हा पहिल्या वर्षाचा धडा. तो शिकवणारी बाई तो कागद शब्दकोशाखाली सरकवत होती. केंद्रातली वेळ तीन आठवड्यांवर होती, ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने खटपट करून मिळवून दिली होती, आणि ओळखीपाळखीत मी ते दहा ठिकाणी सांगून बसले होते. बारा आठवडे थांबणे माझ्या मोठेपणात बसत नव्हते. ते आठवडे भरले तेव्हा तुझ्या हातावर टोचल्याच्या जागी लाल गांधी उठलेल्या होत्या, तू त्या खाजवू नयेस म्हणून बाह्या ओढून बसायचीस, आणि तुला चौथ्यांदा दिवस गेले होते. तेव्हाही सांगता आले असते. उलट तेव्हाच सांगायला हवे होते. चौदाव्या आठवड्यात तेही संपले.

यामागे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहायला मी सकाळपासून टाळाटाळ करते आहे. डॉक्टरबाईंच्या सांगण्यात आरोपी कोणी नव्हता. रक्तातला एक दोष, एक गोळी, एक सुई. केंद्राच्या सांगण्यात आरोपी होता, आणि तो माझ्या घरात जेवत होता. मला ते आवडले. तुझे शरीर मारते, हे वाक्य मी आत्याबाईंना सांगितले, शेजारी सांगितले, आणि सांगता सांगता ते माझ्या अंगात भिनले. चौथ्या वेळी मोरीतली तुझी चादर मी स्वयंपाकघरातल्या चिमट्याने उचलून बादलीत टाकली. तू दारात उभी होतीस. मी पाहिले की तू पाहिलेस. नंतर तो चिमटा मी तीनदा उकळला.

आठ दिवसांनी बॅग घेऊन निघताना तू म्हणालीस, "आई, तुम्ही मला नापास केलंत ते ठीक आहे. पण माझा पेपर तुम्ही चिमट्यानं तपासलात." मी तेव्हा उत्तरले होते की स्वच्छतेला भावनांचे वावडे असते. ते उत्तर मला त्या वेळी चांगले जमल्यासारखे वाटले. आता ते आठवले की तोंड धुवावेसे वाटते.

काल मी अहवाल घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी तारीख वाचली, चष्मा काढला आणि विचारले, "बाई, एवढी वर्षं तुम्ही मुलांना शिकवत काय होतात?" दवाखान्यात आणखी चार बायका बसल्या होत्या. मग त्यांनी तुझ्यासाठी चिठ्ठी लिहिली. त्यांचे म्हणणे असे: रक्त ताबडतोब पुन्हा तपासायचे, औषध कधी आणि किती, ते तुला पाहणारे डॉक्टर ठरवतील, पण एक दिवसही वाया घालवायचा नाही. या दोषाच्या पुष्कळ स्त्रियांना औषधावर पूर्ण दिवसांचे मूल झाले आहे. हमी मात्र कोणी देणार नाही, आणि जो देईल त्याच्याकडे जायचे नाही. पांढऱ्या पेशी टोचण्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. अपाय होऊ शकतो.

नवे डॉक्टर तुला विचारतील, चौथ्या खेपेस हे औषध दिले होते का. नाही, असे सांग. का नाही, असे विचारतील. सासूने अहवाल दडवला, असे सांग. माझी अब्रू राखण्यासाठी गोलमाल उत्तर देऊ नकोस. त्या उत्तरावर ते तुझा उपचार ठरवणार आहेत. हे पत्र तुझ्या नवऱ्याला दाखव आणि ती दोन पाने त्याच्याकडून घेऊन फाडून टाक. तो फाडणार नाही. तो अजून माझे अक्षर जपतो.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही याचा विचार तुला करावा लागेल, आणि येत्या काही महिन्यांत माझा विचार करण्यात तुझा एक क्षणही जाऊ नये. मूल झाले तर मला कळवण्याचे तुझ्यावर बंधन नाही. न झाले तर या वेळी आत्याबाईंना ते या घरातून कळणार नाही.

सोमवारी केंद्रातल्या त्या खुर्चीत बसू नकोस. बाही वर करू नकोस. दुसरे काही मागणे नाही.

कळावे. येथे लोभाची विनंती लिहायची असते. ती लिहिण्याइतकी निर्लज्ज मी अजून झालेले नाही.

तुझ्या नवऱ्याची आई