वितळवण्यातला माझा अनुभव

३ नोव्हेंबर, सोमवार
क्लिनिकमध्ये आमचा गोठवलेला एकच गर्भ उरला. दुसरा मागच्या वर्षी वितळवतानाच गेला. बायको, कामिनी, कित्येक दिवस धड जेवली नाही. यावेळी मी जातीनं लक्ष घालणार. वाडीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे, मटार काय अन् मासळी काय, सारं मीच पाहतो. नियम एकच. रात्रभर राहू द्या, सकाळी हळूहळू वितळवा. घाई केली की माल जाते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
डॉ. मेघा मॅडमले माझी पद्धत समजावली. त्या म्हणे, एकदम उलट. हळू केलं तर आत बर्फाचे कण होतात, नव्या पद्धतीत तर मिनिटभरात काम होते. मिनिटभरात! मी मोठ्या मनानं गप्प बसलो. (कामिनीनं टेबलाखालून चिमटा काढला होता.) सिस्टरनं बजावलं, त्या दिवशी सेंट, अत्तर काही नको, लॅबमधल्या गर्भाले वासाचा त्रास होते. सोप्पं आहे. अत्तर आजपासून बंद.

८ नोव्हेंबर
लावलं. लग्नाले जायचं होतं. उद्यापासून पक्कं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
उद्या आहे. कामिनी विचारते, काहून घाबरून राहिले तुम्ही. म्हटलं, मी कायले घाबरतो! भेव लागून राहिलं बाप्पा. लय.

१३ नोव्हेंबर
शुभ दिवस म्हणून अत्तराचा फक्त एक फाया. तोही कानाच्या आत, बाहेर कुठं वास येते? सिस्टरनं लिफ्टपाशीच नाक दाबलं अन् मले खाली हाकललं. वॉचमन लहानूभाऊजवळ बसलो. त्यांले माझी पद्धत सांगून राहिलो होतो, तेवढ्यात कामिनीचा फोन. गर्भ नीट वितळला, जिवंत आहे, दुपारी पोटात ठेवणार. मी अजून मटारावरच होतो. लहानूभाऊ म्हणे, तुमचा मटार कवा वितळन गा?
मॅडमनं माझं थोडंफार मनावर घेतलं असावं.

२७ नोव्हेंबर
पॉझिटिव्ह! जिन्यात बसून रडलो. मग फाया लावून पेढे वाटले.

१६ डिसेंबर, मंगळवार
कामिनीले उलट्या. फोडणीनं नाही, भातानं नाही. मी दार उघडलं की. बाटली लहानूभाऊले देऊन टाकली, दोनदा आंघोळ केली, तरी म्हणते वास येते. माझी गादी गॅलरीत टाकली. मरणाची थंडी, पाय गोठून राहिले. दार वाजवलं तर आतूनच म्हणे, रात्रभर राहू द्या, सकाळी हळूहळू आत घेईन. घाई केली की माल जाते.