टेप कुठल्या बाजूने?

३ जून
पट्टामुंडाईच्या प्लंबिंग ट्रेनिंग सेंटरात तिसऱ्यांदा नाव घातलं. ही शेवटची संधी. ऑक्टोबरात पस्तीस पूर्ण होतात, पुढे फॉर्म घेत नाहीत. ओडिशातल्या आमच्या या गावात घरटी एक प्लंबर, कोणी कोलकात्यात, कोणी कुवेतला. मी अकरा वर्षं वाचनालयाचा सेक्रेटरी होतो, म्हणून जरा मागे पडलो इतकंच. कुवेतहून परतलेल्या सुदर्शन मिस्त्रींनी स्वच्छ सांगितलंय, गोलक, आधी लायसन्स, मग माझी मुलगी कुंतला.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून दोन तास पाइपला आटे पाडणे.

४ जून
आठला उठलो. पहाटे लोखंड गार असतं, आटे नीट पडत नाहीत. (माझं निरीक्षण.)

१५ जून
रजचा सण. तीन दिवस धरणीमाता विश्रांती घेते, जमीन खणायची नाही. पाइप शेवटी जमिनीतच जायचा, म्हणून मी त्यालाही हात लावला नाही. आई म्हणाली, मग पोडपिठाही खाऊ नकोस, तांदूळ काय आभाळात पिकतो? आईला शास्त्र कळत नाही. चार तुकडे खाल्ले.

२ जुलै
सराव परीक्षा. माझ्या जॉइंटला थोडं पाणी दिसलं. दास सरांना म्हटलं, ही गळती नाही, दमट हवेचा घाम आहे. सर म्हणाले, घाम कामाने येतो रे, तुझ्या पाइपला कशाने आला? पोरं खिदळली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान सगळी.

९ जुलै, दुपार
कुंतलाचा चोरून फोन. वहिनीने तिला माझ्या जॉइंटचा फोटो पाठवला म्हणे. (वहिनीशी बोलणं बंद.) म्हणाली, अहो, आट्यांवरची टेप उलटी गुंडाळताय. फिटिंग ज्या बाजूला आवळतो त्याच बाजूने टेप घ्यायची, नाहीतर पहिल्याच फेऱ्याला सुटून येते. मी सांगितलं, मी डावरा आहे, माझी पद्धत वेगळी. ती म्हणाली, पाण्याला काय कळतंय कोण डावरा ते? मग हळूच म्हणाली, मला तुमच्याच घरी यायचंय, एवढं एक ऐका.
पण लग्नाआधीच बायकोचं ऐकायला लागलो तर पुढे काय?

२८ जुलै
मिस्त्री 'मुलगा बघायला' आले. आमच्याकडे मुलाला प्रश्न विचारत नाहीत, बाथरूम कुठे आहे ते विचारतात. आमचं बाथरूम मीच फिट केलंय. वीस मिनिटं आत होते. बाहेर आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं आणि हातात नळ. तो चहाच्या कपाशेजारी ठेवून म्हणाले, लायसन्स येऊ दे, मग बघू.
कुवेतच्या हातांना ताकद फार. आणि 'नाही' म्हणाले नाहीत, हे महत्त्वाचं.

१६ ऑगस्ट
परीक्षेला तीन दिवस. घशाखाली पाण्यात भिजवलेला पखाळ भातही उतरत नाही. नापास झालो तर काय, हा विचार करायचा नाही असं ठरवलं. सकाळपासून तोच करतोय.

१९ ऑगस्ट
प्रॅक्टिकल. जॉइंट करून दहा मिनिटं प्रेशर टिकवायचं. टेप हातात घेतली आणि कुंतलाचा आवाज आठवला. हात थांबला. आजूबाजूची सगळी पोरं ती म्हणाली त्याच बाजूने गुंडाळत होती. मीही तसंच केलं तर तीन वर्षं मी चुकत होतो असं झालं असतं. सरांसमोर, पोरांसमोर.
माझ्या पद्धतीने गुंडाळली.
चौथ्या मिनिटाला काटा उतरला. सहाव्याला परीक्षकांचा शर्ट भिजला.

३० ऑगस्ट
नापास. टेपच हलक्या प्रतीची होती. सेंटरला तक्रार लिहायला घेतली. दोन ओळी लिहून फाडली. संध्याकाळी कुंतलाला फोन केला. तिने उचलला. नापास, एवढंच म्हटलं. बाबा आले म्हणाली आणि ठेवला.

१२ ऑक्टोबर
पस्तीस. आईने खीर केली. कुंतलाचं ठरलं, वहिनीकडून कळलं. मुलगा राजनगरचा, लायसन्सवाला.

२७ नोव्हेंबर
लग्नाला गेलो. गेलो नसतो तर लोक बोलले असते. ऐन जेवणाच्या वेळी मांडवातला नळ निखळला, कारंजं उडालं. चाळीसेक प्लंबर पाहुणे पानावरून उठले. मीही पुढे झालो. सुदर्शन मिस्त्रींनी माझ्या हातात बादली दिली. म्हणाले, गोलक, तू फक्त ही धर. बोलण्यात राग नव्हता. त्याचंच रडू आलं.
सगळ्यांना बाजूला सारून नवरदेव स्वतःच आला, डोक्यावर मुकुट तसाच. टेप मागितली. कुंतला दारात उभी होती. तिने त्याला काही सांगितलं नाही.
मी बादली धरून अगदी जवळून पाहिलं. तिने मला सांगितली होती, त्याच बाजूने.