लिंगाचा दोरा

चौसाळा, कार्तिक वद्य पंचमी, दिवेलागण

आज पूजेला बसताना आमच्या थोरल्या अण्णांनी गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि रिकामी डबी दोऱ्यासकट माझ्याकडं दिली. म्हणाले, "काचतोय रे, जरा लांब कर."

दसऱ्यालाच तर लांब केला होता. त्याआधी मानेवर गाठ दिसली तेव्हा मीच म्हटलं होतं, नवा दोरा हाय, घासला असंल. दोऱ्यानं कधी गाठ येते का?

वैद्यबुवा गंडमाळ म्हणाले, पिकवायला जवसाचं पोटीस दिलं. गाठ पिकली नाही, फुटली नाही, दुखतही नाही. दुखत नाही म्हणून घरात सगळे निर्धास्त. मला आता त्याचीच भीती वाटते. आज विभूती लावायला त्यांनी हात उचलला, तर काखेतही तसलीच गाठ. दाबून पाहिली. तीही दुखत नाही म्हणाले.

वहिनी चुलीपाशी हळूच म्हणाल्या, "भावजी, रोज संध्याकाळी कणकण, आन् पहाटे अंथरूण भिजून चिंब. एवढ्या थंडीत लई घाम." अंगरखा अंगात लोंबतोय, मान तेवढी जाड.

उद्या गाडी जुंपून बीडच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं म्हटलं. अण्णा नको म्हणाले नाहीत. एरवी वाद घातला असता.

दोरा चार बोटं वाढवून दिला. त्यांनी गळ्यात घालून पाहिला, चांगला सैल होता.

"आजून लांब ठेव," म्हणाले. "सारखं सारखं कोण बदलीत बसंल."