घरचा समुद्र सोडून

रोटोटुना, हॅमिल्टन

प्रिय समीर,

'प्रिय' लिहिलं ते सवयीनं. खरं सांगायचं तर मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. तू गेल्यापासून जो तो मला सांगतो, मनातलं लिहून काढ, हलकं वाटेल. मी हलकं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. मी भांडायला बसले आहे, आणि तुला उत्तर देता येणार नाही याचं मला आज जराही वाईट वाटत नाही.

परवा इरानं तिच्या खोलीतली सगळी कोरियन पोस्टरं उतरवली. ज्या पोरांच्या गाण्यांनी तिनं आपलं डोकं उठवलं होतं, ती पोरं थेट रिसायकलिंगच्या डब्यात. मी म्हटलं, "काय गं, कंटाळलीस?" आधी म्हणाली, "आय जस्ट हेट देम." मग एकदम रडायलाच लागली. "आई, आय मेड बाबा गो टू बुसान. आजी नेव्हर सॉ हिम बिकॉज ऑफ मी."

तेरा वर्षांची पोर रे! कुणी भरवलं हे तिच्या डोक्यात? तुझ्या आईनं. आणि तुझ्या आईच्या डोक्यात कुणी भरवलं? तू!

आठवतंय ना, रत्नागिरीची तिकिटं काढायचीच बाकी होती? आई आंबा पोळी बांधून ठेवण्याच्या गोष्टी करत होत्या. आणि तू जेवता जेवता जाहीर केलंस, "या वेळी इंडिया नको. इराला कोरिया बघायचंय ना? बुसानला जाऊ." इरा खुर्चीवरून उडालीच. पण तिला सोल हवं होतं, समीर. बुसानचं नावही तिला धड माहीत नव्हतं. समुद्र तुला हवा होता.

मी म्हटलंही, "अरे, आई वाट बघतायत." तर म्हणालास, "पुढच्या वर्षी जाऊ. आई कुठे पळून जातेय?"

आई कुठेच पळून जात नव्हत्या. पळून तू चालला होतास, आणि ते तुला ठाऊक होतं!

वर आईंना फोनवर काय सांगितलंस? "इरानं हट्टच धरलाय गं, काय करू?" मी तिथेच पोळ्या लाटत होते. आईला वाईट वाटू नये म्हणून नातीचं नाव पुढे करतोय, एवढंच मला वाटलं. असली थाप कोण मारत नाही?

बुसानचे ते दिवस आता मी पुन्हा पुन्हा आठवते आणि दर वेळी नवीन काहीतरी टोचतं.

त्या मोठ्या मासळीबाजारात तू किती खुशीत होतास! खाली मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर तो शिजवून आणून देतात. तू त्या रबरी बूटवाल्या आजीबाईंशी खुणा करकरून घासाघीस केलीस. त्या कोरियनमध्ये ओरडत होत्या, तू मराठीत. "मावशी, कल्ले दाखवा आधी!" इरा लाजून लांब जाऊन उभी राहिली. वर ताट आलं आणि तू दोन घास खाऊन ते तिच्याकडे सरकवलंस. समुद्राकाठी वाढलेला माणूस ताटातला मासा टाकतो! मला तेव्हाच कळायला नको होतं का?

त्या समुद्रातल्या खडकांवरच्या देवळाच्या पायऱ्यांवर तू मध्येच बसलास. "तुम्ही दोघी जाऊन या, मी इथून बघतो." मी चिडले. म्हटलं, "हे डाएटचं खूळ आता पुरे कर, अंगात त्राण राहिलं नाही." तू हात वर केलास, "स्वीट अ‍ॅज, सिस्टर!" 'एकदम मस्त' म्हणायची ही इथली गोऱ्यांची बोली, ती मारून लोकांना हसवायची तुझी जुनी सवय. तुला नोकरीची काळजी लागलीय असं मला वाटत होतं, म्हणून मी देवळात जाऊन तुझ्या नोकरीसाठी प्रार्थना केली. नोकरीसाठी!

मी नर्स आहे, समीर. रोज वॉर्डात माणसाच्या चेहऱ्याकडे बघून कुठं दुखतंय ते ओळखते. म्हणून तू माझ्यापासून नीट लपवलंस. फार्मसिस्ट ना तू! दुखण्याच्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत घातल्यास आणि ऑकलंडला तपासणीला गेलास ते कंपनीच्या ट्रेनिंगच्या नावाखाली. कायम आपल्या हुशारीचा टेंभा मिरवायचास. ती वापरलीस कुठे, तर माझ्याविरुद्ध.

आणि हायउंडेचा तो किनारा. मागे उंच इमारती, पुढे गार पाणी. तू पँट दुमडून कितीतरी वेळ पाण्यात उभा होतास. मी चेष्टेनं म्हटलं, "घरचा समुद्र सोडून इतक्या लांब आलास, हा काय वेगळा आहे?" तू म्हणालास, "इथं ओळखीचं कुणी भेटत नाही, हेच बरं."

मला वाटलं, सुट्टीचा आळस बोलतोय. आता कळतं. रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर गेला असतास तर दर दहा पावलांवर कुणीतरी थांबवलं असतं, "काय रे समीर, किती वाळलास!" आणि आईंनी तर नुसता पाठीवरून हात फिरवला असता. त्यांना सांगावंही लागलं नसतं.

डिसेंबरात तुझे डोळे पिवळे झाले आणि मीच तुला ओढत हॉस्पिटलात नेलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टर सांगत होते आणि तू माझा हात धरून हादरून गेल्यासारखा बसला होतास. नाटक! आईंच्या व्हिसाचे कागद पूर्ण होईपर्यंत तू गेलास.

तेराव्याला नितीन आला. तुझा डॉक्टर मित्र, त्याच्यापासून काय लपणार? तो म्हणाला, "वहिनी, कोरियाला जाऊन आलात ते फार छान केलंत. कळल्यावर तो मला म्हणाला होता, एकदा तिघांनी हसत फिरायचंय." मी विचारलं, "कळल्यावर म्हणजे?" तो पांढराफटक पडला. तू त्याला सांगितलं होतंस की मला सगळं माहीत आहे. मग तो अडखळत म्हणाला, "आईसमोर उभं राहायची हिंमत नाही म्हणाला. ती रडली तर मी मोडेन, म्हणाला."

तुला ते रडणं बघायचं नव्हतं. बरं. पण ते टळलं का? आई रडल्याच. फक्त समोर तू नव्हतास, फोन होता.

मला म्हणाल्या, "समुद्र बघायला कोरियात गेलात काय गो? आमच्या मांडवीचं पाणी आटलं होतं?" मी म्हटलं, चुकलंच माझं. गेल्या आठवड्यात इराला म्हणाल्या, "तुझ्या हट्टापायी माझा मुलगा मला दिसला नाही हो." मी तेव्हाही खरं सांगितलं नाही. मुलानं आपल्याला टाळलं, हे म्हाताऱ्या बाईला कसं सांगायचं? म्हणून सगळा दोष मी अंगावर घेत होते. सूनच आहे, सोसेन. पण तो इराच्या अंगावर जाईल हे मला सुचलंच नाही.

खोटं कशाला बोलू? ते दिवस सुंदर होते. तू, मी, इरा, तिघं इतके कधी हसलो नव्हतो. पण तू निरोप घेत होतास आणि आम्ही टूरवर होतो. मलाही निरोप घ्यायचा होता, समीर! मी तुला पायऱ्यांवर बसल्याबद्दल बोलले. मला माहीत असतं तर मी शेजारी बसले नसते का?

आता वचन देते, आणि ते तुला आवडणार नाही.

या डिसेंबरात मी इराला घेऊन रत्नागिरीला जातेय. आईंना आणि तिला समोरासमोर बसवून सगळं सांगणार आहे. तुला कधी कळलं ते, आणि बुसान कुणाला हवं होतं तेही. तू भ्यालास हेही सांगेन, कारण तेच खरं आहे. आईंचं काळीज फाटेल. मी तिथेच असेन, त्यांच्याजवळ, जिथे तू असायला हवा होतास.

दोघी तुझ्यावर खूप चिडतील. चिडू देत. गेलेल्या माणसावर चिडून जगता येतं, मी जगतेच आहे. पण माझ्या मुलीनं जन्मभर स्वतःवर चिडायचं, ते मी होऊ देणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही.

अजूनही तुझीच,
मेधा